वायपरच्या बुडाचं रबर गेलंय? पावसाआधी घरीच बसवा

गाडीच्या समोरच्या काचेच्या पायथ्याशी, जिथून वायपर बाहेर येतो, तिथे एकदा बोट फिरवून बघा. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्टीतून एक लोखंडी दांडी वर येते. तिला स्पिंडल म्हणतात. तिच्याभोवती एक गोल रबर असायला हवं. बऱ्याच जुन्या गाड्यांत तिथे रबर उरलेलंच नसतं, नुसतं भोक असतं. वायपर चालतोय, काच पुसली जातेय, म्हणून कुणाचं तिकडे लक्ष जात नाही. मग जुलैत कधीतरी डावीकडच्या सीटपुढचं कार्पेट ओलं लागतं, ब्लोअर लावला की कुबट वास येतो, आणि गाडीवाला दरवाज्याचं रबर बदलून मोकळा होतो. वास काही जात नाही.

हे रबर घरी बसवता येतं. त्यासाठी मेकॅनिक असण्याची गरज नाही. पाना हातात धरता आला आणि सुट्टीची एक निवांत सकाळ मिळाली की पुरे. घाई मात्र चालत नाही, कारण सगळं काम समोरच्या काचेच्या अगदी कडेला होतं आणि काचेला तडा गेला तर रबराच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो.

त्या पट्टीखाली आहे काय

बॉनेटची मागची कड आणि काच यांच्या मध्ये जो खोलगट भाग आहे त्याला गॅरेजमध्ये काउल म्हणतात. त्यावरच्या प्लॅस्टिकच्या झाकणाला कुणी काउल जाळी म्हणतं, कुणी वायपर जाळी. कौलारू घराला पन्हळ असते तसाच हा भाग आहे. काचेवर पडलेलं सगळं पाणी ओघळून इथेच येतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून पुढच्या चाकांच्या मागे, मडगार्डच्या आत उतरतं.

याच पोकळीत वायपरची मोटर आणि दोन्ही वायपर हलवणाऱ्या पट्ट्यांचं जाळं असतं. गाडीच्या आत जाणारी ताजी हवाही इथूनच ओढली जाते. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत ब्लोअर बहुधा डाव्या बाजूला असतो. म्हणून पाणी वाट चुकलं की पहिलं भिजतं ते शेजारच्या प्रवाशाच्या पायाखालचं कार्पेट.

एक गोष्ट इथेच लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं काम तिच्यावर अवलंबून आहे. काउलमध्ये पाणी येणारच. ते येणार हे गाडी बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलेलं असतं, म्हणून तर निचऱ्याची भोकं दिलेली असतात. रबराचं काम पाणी पूर्ण बंद करणं नव्हे, तर ते स्पिंडल ज्यात फिरतो त्या नळीसारख्या बुशात आणि मोटरवर पडू न देता निचऱ्याकडे वळवणं. हे ज्याला कळलं तो सगळीकडे सिलिकॉन फासत बसत नाही.

रबर गेलं की पाणी स्पिंडलवरून सरळ खाली उतरतं. बुशातलं ग्रीस धुऊन जातं, मग गंज धरतो, स्पिंडल जड फिरू लागतो. वायपर आधी नुसता सावकाश चालतो. मोटर जास्त जोर लावत राहते आणि तापते. शेवटी एखाद्या पट्टीचा प्लॅस्टिकचा सांधा निसटतो आणि वायपर मध्येच थांबतो. हे घडतं ते नेमकं धो-धो पावसात, कारण वायपर सलग चालतो तो तेव्हाच. ताम्हिणीत किंवा आंबोलीत वायपर बंद पडणं म्हणजे काय, हे तिथून पावसाळ्यात गेलेल्याला सांगायला नको.

नेमकं कोणतं रबर गेलंय ते आधी ठरवा

दुकानात जाऊन नुसतं “वायपरचं सील द्या” म्हटलंत तर दुकानदार भलतंच काहीतरी हातात ठेवेल. कारण त्या एवढ्याशा जागेत चार वेगवेगळी रबरं असतात.

स्पिंडलभोवतीचं गोल रबर हे आपल्या लेखाचं मुख्य रबर. त्याच्याही वर, वायपरच्या आर्मवर, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या दांडीवर, नट झाकणारी छोटी टोपी असते. ती पडली तर नट गंजतो, पण पाणी आत शिरण्याशी तिचा फारसा संबंध नाही. नवी टोपी अंगठ्याने दाबली की बसते, त्यावर आणखी काही सांगण्यासारखं नाही. तिसरी म्हणजे जाळी आणि काच यांच्या मधली लांब, बारीक पट्टी. चौथी बॉनेटच्या मागच्या कडेखाली आडवी असते. बॉनेट बंद केलं की ती दाबली जाते आणि इंजिनची गरम हवा आणि वास काउलमध्ये, म्हणजे पर्यायाने गाडीत येऊ देत नाही.

ब्लेडचं रबर वेगळं. काचेवर रेघा उठत असतील, कर्रर्र आवाज येत असेल तर ते ब्लेडचं दुखणं आहे, त्यासाठी हा खटाटोप नको.

रबर जातं कशाने, हेही बघून ठेवा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर आधी पांढुरकं होतं, मग त्याला बारीक भेगा पडतात आणि शेवटी त्याचे तुकडे पडतात. पावसाळ्याच्या तोंडावर उंदीर बॉनेटखाली आसरा घेतात आणि वायरींबरोबर रबरही कुरतडतात. कडेला दातांच्या खुणा किंवा जवळपास लेंड्या दिसल्या तर नवं रबर बसवण्याआधी त्यांचा बंदोबस्त करा, नाहीतर नव्याचीही तीच गत होणार. आणि समोरची काच मध्यंतरी बदलून घेतली असेल, तर जाळी परत बसवताना रबर राहून गेलं असण्याची शक्यता खूप असते. अशा वेळी जाळीच्या क्लिपाही मोजून बघा, एक-दोन कमी निघतात.

पाणी तिथूनच येतंय का?

कार्पेट ओलं आहे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. त्याच जागी पाणी येण्याची आणखी दोन कारणं असतात. एसीच्या पाण्याची नळी तुंबली तर पाणी आत सांडतं, पण ते एसी चालू असतानाच, भर उन्हाळ्यातसुद्धा. हीटरच्या भागातून कूलंट गळत असेल तर ओल चिकट लागते, तिला रंग असतो आणि काहीसा गोडसर वास येतो. पावसानंतरच येणारं, साधं, थोडं मातकट पाणी असेल तर काउलवर संशय घ्यायला हरकत नाही. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे केबिन फिल्टर असेल तर तो काढून बघा. त्यावर पाण्याचे तपकिरी डाग दिसले की पाणी वरूनच येतंय.

खात्री करण्यासाठी घरातल्या कुणालातरी टॉर्च देऊन डाव्या सीटपुढे वाकून बसवा. तुम्ही बाहेरून तांब्याने वायपरच्या बुडाशी हळूहळू पाणी सोडा, आधी एका स्पिंडलवर, मग दुसऱ्यावर, मग काचेच्या कडेवर. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटं द्या. पाइपने जोरात फवारा मारू नका. त्या जोराने पाणी चांगल्या रबरातूनही आत जातं आणि तुमची दिशाभूल होते. तापलेल्या काचेवर गार पाणीही नको. सकाळी, काच थंड असताना हे करा.

रबर मागवताना

गाडीचं नाव आणि वर्ष सांगून भागत नाही. एकाच नावाच्या गाडीच्या पिढ्या बदलतात आणि रबराचा घेर, उतार सगळं बदलतं. आरसी कार्डावरचा 17 अक्षरी चासी नंबर सोबत न्या. त्यावरून कंपनीच्या पार्टच्या दुकानात नेमका पार्ट नंबर काढून देतात. चालकाकडचं आणि डावीकडचं रबर कधी एकसारखं असतं, कधी वेगळं, तेही विचारून घ्या. जुन्या रबराचा तुकडा शिल्लक असेल तर तो खिशात ठेवा. दुकानदाराला शब्दांपेक्षा तो लवकर कळतो.

काही गाड्यांत हे रबर सुटं मिळतच नाही, जाळीसकट किंवा वायपरच्या पट्ट्यांच्या पूर्ण संचासकट घ्यावं लागतं. तसं असेल तर सुट्या भागांच्या जुन्या बाजारात फेरी मारा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा परिसर किंवा कुर्ल्याकडचा सीएसटी रोड इथे अशी बारीकसारीक रबरं सुटी मिळण्याची शक्यता असते. तिथे ग्रोमेट म्हणून विचारा आणि तीन मापं लिहून न्या: जाळीतल्या भोकाचा व्यास, भोकाच्या कडेची जाडी आणि स्पिंडलचा व्यास. व्हर्निअर नसेल तर शाळेची पट्टीही चालते, पण माप मिलिमीटरमध्ये घ्या. ग्रोमेटचं आतलं भोक स्पिंडलपेक्षा किंचितच लहान हवं, म्हणजे कड अलगद टेकते. फार घट्ट असेल तर वायपर अडखळेल.

ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर मिळालं तर तेच घ्या. ऊन आणि पाऊस त्याला साध्या रबरापेक्षा कितीतरी जास्त सोसतो. दुमडून बघा, दुमडलेल्या जागी पांढरी रेघ किंवा भेग दिसली तर तो माल दुकानात पडून शिळा झालेला आहे. परत द्या.

हाताशी काय हवं

आर्मचा नट बहुतेक गाड्यांत 12, 13 किंवा 14 मिलिमीटरचा असतो, म्हणून ही तीनही मापं असलेला गोटी पाना उत्तम. प्लॅस्टिक उचकटण्यासाठी प्लॅस्टिकचंच हत्यार घ्या. ट्रिम काढायचा संच मिळतो, नाहीतर बिघडलेलं एटीएम कार्ड किंवा टोकाला कापड गुंडाळलेला स्क्रूड्रायव्हर चालवून घ्या. मास्किंग टेप, जाड टॉवेल, जुना टूथब्रश, तारेचा छोटा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, साबणाचं पाणी, टॉर्च, जाड नायलॉनची दोरी किंवा सायकलच्या ब्रेकची जुनी केबल. आणि शक्य झाल्यास बॅटरीचं टर्मिनल ओढून काढायचा छोटा दोन पायांचा पुलर. तो स्वस्त असतो आणि अडलेल्या आर्मला त्याच्यासारखा दुसरा उपाय नाही.

काम मेच्या शेवटी, पावसाळ्याच्या आधी केलेलं चांगलं. जागा सावलीतली हवी, पण थंडीची पहाट नको. गारठ्यात जुनं प्लॅस्टिक कडक होतं आणि क्लिपा काडकन तुटतात.

आर्म काढणं

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. काचेवर थोडं पाणी शिंपडा, वायपर एकदा चालवा आणि तो वायपरच्या स्विचनेच बंद करा. इग्निशन बंद करून थांबवला तर तो अर्ध्यात उभा राहतो. स्विचने बंद केला की तो आपल्या जागी, खाली येऊन थांबतो. आपल्याला तीच जागा हवी. आता किल्ली काढून खिशात ठेवा. पावसाचा सेन्सर असलेल्या गाडीत ऑटो सेटिंगही बंद करा. मोटर मध्येच सुरू झाली तर पट्ट्यांच्या मध्ये बोट चिरडतं, त्यामुळे जाळी काढणार असाल तर बॅटरीची निगेटिव्ह वायरही सोडवून बाजूला ठेवा.

प्रत्येक ब्लेडच्या शेजारी, काचेवर, ब्लेडला समांतर टेपची पट्टी चिकटवा. परत बसवताना आर्म नेमका कुठे होता ते हीच पट्टी सांगणार आहे. दोन्ही आर्मची लांबी आणि वाक सहसा वेगळा असतो, म्हणून त्यांच्यावरही टेप लावून “उजवा”, “डावा” लिहून ठेवा. मोबाइलमध्ये फोटो काढा. पुढच्या प्रत्येक पायरीला एक फोटो काढायची सवय लावून घ्या, बसवताना फार उपयोग होतो.

काचेवर टॉवेल पसरा. आर्मला आतून जोरदार स्प्रिंग असते. उचललेला आर्म हातातून सुटला तर त्याचं लोखंडी टोक काचेवर आपटतं आणि तडा जातो. म्हणून काम संपेपर्यंत टॉवेल जागेवरून हलवू नका. आर्म उभे असताना बॉनेटही उघडू नका. बऱ्याच गाड्यांत ते आर्मला घासतं किंवा अडकतं.

टोपी काढा, नट दिसेल. एका हाताने आर्म घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने नट सैल करा. आर्म न धरता नुसता पाना फिरवलात तर सगळा जोर खालच्या पट्ट्यांवर आणि मोटरच्या गिअरवर जातो. नट पूर्ण काढू नका, तो आट्यांच्या शेवटाशी टेकवून ठेवा. आर्म एकदम सुटला तर तो अंगावर किंवा काचेवर येत नाही आणि आटेही वाचतात.

आता आर्म काचेपासून थोडा उचलून डावी-उजवीकडे अलगद डोलवा. नशीब चांगलं असेल तर चार-पाच हेलकाव्यांत सुटतो. आपल्या हवेत बहुतेक वेळा सुटत नाही. स्पिंडलच्या वरच्या टोकाला बारीक उभे दाते असतात, आर्म त्यांच्यात रुतून बसलेला असतो आणि मधल्या फटीत ओल्या चहापत्तीच्या रंगाचा गंज साचलेला दिसतो. तिथे स्प्रे मारा आणि पंधरा मिनिटं दुसरं काही करा. पुन्हा डोलवा. तरीही हलला नाही तर पुलर लावा. दोन पाय आर्मच्या खाली, मधला स्क्रू स्पिंडलच्या टोकावर, आणि सावकाश फिरवत जा. टक् असा आवाज आला की आर्म सुटला.

हातोडी अजिबात नको, अगदी लाकूड मध्ये ठेवूनसुद्धा नको. स्पिंडल ज्या घरात बसलेला असतो ते बऱ्याचदा ॲल्युमिनिअमच्या ओतीव कामाचं किंवा प्लॅस्टिकचं असतं. एका ठोक्यात ते चिरतं आणि शंभर-दोनशेचं काम हजारांत जातं. खालून स्क्रूड्रायव्हर घालून उचकटणंही तितकंच वाईट, कारण टेकू काचेच्या कडेचाच लागतो आणि काच सगळ्यात नाजूक असते ती कडेलाच.

जाळी काढायची का?

आधी टॉर्च मारून बघा. रबर जाळीच्या भोकात वरून बसणारं असेल, म्हणजे त्याला मध्ये खाच असून भोकाची कड त्या खाचेत जात असेल, तर जाळी काढायची गरज नाही. रबर जाळीच्या खाली, स्पिंडलच्या घराला धरून असेल तर मात्र काढावी लागते.

काढायची असेल तर बॉनेट उघडून आडवं लांब रबर वर ओढा. काच धुण्याच्या पाण्याची बारीक नळी जाळीला जोडलेली असते, ती सांध्यातून हलक्या हाताने सोडवा. प्लॅस्टिकच्या क्लिपांची मधली गोल खिळी बहुतेक गाड्यांत वर उचलायची असते, काहींत आत दाबायची. एकीवर हळूच प्रयोग करा आणि मगच बाकीच्या काढा. काचेकडची कड खाचेत अडकलेली असते, म्हणून जाळी वर न ओढता आधी आपल्याकडे, म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूला सरकवा. दोन्ही टोकांना मडगार्डजवळ छोटे कान असतात, तुटतात ते हेच. तिथे जोर लावू नका, वाकवून सोडवा. आठ-दहा वर्षं उन्हात राहिलेल्या जाळीच्या दोन-तीन क्लिपा तुटणारच, म्हणून त्या आधीच विकत आणून ठेवा.

निचरा साफ करा

जाळी उघडली आणि आत नुसती धूळ निघाली, असं क्वचितच होतं. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीच्या काउलमध्ये गुलमोहराची बारीक पानं, कडुलिंबाच्या काड्या, आणि त्यांचं कुजून झालेलं काळं, ओलं खत निघतं. त्यात पिंपळाचं रोप रुजलेलं सापडलं तरी नवल वाटायला नको. हे सगळं निचऱ्याच्या भोकाशी साचतं. भोक बुजलं की पाणी चढतं आणि ब्लोअरच्या तोंडातून आत जातं. तेव्हा तुम्ही कितीही भारी रबर बसवा, कार्पेट ओलंच राहणार. माझ्या मते या साऱ्या कामातला अर्धा गुण इथे आहे, आणि नेमका हाच भाग लोक सोडून देतात.

कचरा हाताने उचलून काढा. पाण्याने ढकलू नका, नाहीतर तो भोकातच जाऊन बसतो. मग दोन्ही टोकांची भोकं शोधा आणि त्यांतून नायलॉनची दोरी किंवा ब्रेकची केबल हळूहळू आत-बाहेर करा. कडक तार घालू नका, कारण खाली रबराची नळी किंवा चपटी झडप असेल तर ती फाटते. शेवटी एक तांब्या पाणी ओता आणि पुढच्या चाकाच्या मागे ते धारेने पडतंय का बघा. दोन्ही बाजूंना पडायला हवं.

स्पिंडल तारेच्या ब्रशने घासा, दाते स्वच्छ आणि कोरडे करा. हाताने धरून आडवा हलवून बघा. किंचित हालचाल चालते, पण तो लटलट हलत असेल तर बुश गेलेला आहे आणि नवं रबर तिथे टिकणार नाही. तेव्हा आधी पट्ट्यांचा संच बदला.

नवं रबर बसवणं

ज्या कडेवर रबर बसणार ती साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा. जुन्या रबराचे चिकटलेले तुकडे नखाने किंवा प्लॅस्टिकने खरवडून काढा. एखादा कण राहिला तरी तिथे रबर उचललेलं राहतं आणि पाणी नेमकं तिथून शिरतं.

नव्या रबराला साबणाचं पाणी लावा. तेल, ग्रीस, डिझेल यांतलं काहीही नको. खनिज तेलाने ईपीडीएम फुगतं आणि ढिलं पडतं. सिलिकॉन ग्रीस असेल तर ते चालतं. रबराची एक बाजू भोकाच्या कडेत अडकवा, मग अंगठ्याने दाबत दाबत गोल फिरा. शेवटचा भाग जात नसेल तर प्लॅस्टिकच्या हत्याराने कड आत ढकला. टोकदार काही वापरलंत तर नवं रबर तिथेच फाटेल.

दिशा नीट बघा. बऱ्याच रबरांची एक बाजू उंच, दुसरी बुटकी असते, कारण जाळी तिरपी असते. तिचा उतार रबराच्या उताराशी जुळला पाहिजे. स्पिंडलला टेकणारी पातळ ओठासारखी कड वरच्या बाजूला राहते, म्हणजे पाणी तिच्यावरून बाहेर ओघळतं. ती आत दुमडली गेली असेल तर बोटाने बाहेर काढा. मग टॉर्च धरून चारही बाजूंनी बघा. कड सगळीकडे सारखी बसलेली हवी.

परत जोडणी

जाळी आणि क्लिपा बसवा, पाण्याची नळी जोडायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी काच धुताना पाणी काउलमध्येच सांडेल. बॅटरी जोडा. आर्म बसवण्याआधी वायपर एकदा नुसता चालवून स्विचने बंद करा, म्हणजे स्पिंडल आपल्या थांबण्याच्या जागी येईल. या वेळी रबराकडे लक्ष द्या. स्पिंडल फिरताना रबर त्याच्याबरोबर पिळत असेल तर ते घट्ट आहे. कडेला थोडं सिलिकॉन ग्रीस लावून बघा, तरी पिळलं तर माप चुकलंय.

किल्ली काढा, आर्म दात्यांवर टेपच्या रेषेत बसवा, आधी हाताने दाबा, मग नट लावा. टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळतोय ते मोजणारा पाना, असेल तर गाडीच्या पुस्तकातला आकडा पाळा. तो मिळाला नाही तर साधारण 20 न्यूटन मीटर धरा. साध्या पान्याने एका हाताचा ताण पुरतो, पायाने किंवा पाइप लावून आवळाल तर दाते झिजतील. काच ओली करा आणि मगच वायपर चालवा, आधी हळू, मग जोरात. ब्लेड बाजूच्या खांबाला लागतंय का, दोन्ही एकमेकांना भिडतात का, खाली बॉनेटला टेकतात का, हे बघा. लागत असेल तर नट सैल करून आर्म एक दात्याने सरकवा. आठवड्याभराने नट पुन्हा एकदा तपासा.

शेवटी पुन्हा तीच तांब्याची चाचणी करा. आत टॉर्च घेऊन बसणाऱ्याने “कोरडं आहे” म्हणावं आणि चाकांमागे पाणी पडावं, या दोन्ही गोष्टी एकदम झाल्या पाहिजेत.

सोपे वाटणारे उपाय

“एम-सील लावून टाक” हा सल्ला प्रत्येकाला एकदा तरी मिळतो. नळाच्या सांध्याला एम-सील चांगलंच, पण इथे ते दगडासारखं होतं, हलणाऱ्या स्पिंडलला धरून ठेवतं आणि पुढे जाळी काढताना ती फोडावी लागते. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन उघड्या लोखंडाला गंजवतं. सिलिकॉन लावायचंच असेल तर काचेकडच्या पट्टीपुरतं, न्यूट्रल प्रकारचं, आणि निचऱ्याच्या भोकांपासून लांब. फेव्हिक्विकने चिकटवलेलं रबर थोड्याच दिवसांत सांध्यावर कडक होऊन निघतं.

गावी अडकलात, पाऊस सुरू आहे आणि रबर मिळत नाही, तर सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती कापून मधे लहान भोक पाडा आणि आर्म बसवण्याआधी स्पिंडलवर चढवा. तात्पुरतं निभावतं. घरी आल्यावर ती काढून नीट रबर बसवा.

ओलं कार्पेट

रबर बसलं म्हणून आतली ओल जात नाही. कार्पेटखाली जाड फेल्ट असतं, ते वरून कोरडं वाटलं तरी आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतं आणि खालचा पत्रा गंजतो. डावीकडचं कार्पेट कडेने उचला, खाली वर्तमानपत्रांचे जाड थर घाला, ते भिजले की बदला. मग दरवाजे उघडे ठेवून टेबल फॅन लावा, किंवा ऊन असेल तर काचा खाली करून गाडी उन्हात उभी करा. फेल्ट हाताने दाबून बघा, बोटांना ओल लागायची थांबली की मगच कार्पेट खाली बसवा. केबिन फिल्टर भिजलेला असेल तर धुऊन वापरू नका, नवाच घाला, नाहीतर कुबट वास पुन्हा येत राहील.